चाचणी पाठाची, निकाल आमचा

विभागप्रमुखांनी आमच्या पोरांना फसवलं. चाचणी पाठाची आहे असं सांगून त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि निकाल पोरांचा लावला. पोरं मी आणली होती. म्हणजे फसवणूक माझीही झाली, आणि बोलायचंही मलाच आहे.

सुमनच्या बोटांवर फूटपट्टी बसली तेव्हा मी तिच्या पाठीमागेच उभी होते. परभणीतल्या एका कॉलेजातली कॉम्प्युटरची खोली. धूळ आत जाऊ नये म्हणून सगळ्यांच्या चपला दाराबाहेर. आत एसीचा गारठा, पायाखाली थंड फरशी. सुमन झरी गावची. माझ्या टायपिंग क्लासमधली सगळ्यात वेगवान पोरगी. पडद्यावर जमाखर्चाचं गणित होतं. उत्तर एकशे अकरा. तिनं टाईप केलं. कॉम्प्युटरनं दाखवलं, चूक. तिनं परत तेच टाईप केलं. परत चूक. ती पडद्याकडे बघत राहिली, कारण पडद्यावर तर एकशे अकराच दिसत होतं.

विभागप्रमुख मागून आले. लाकडी पट्टी त्यांनी सपाट मारली नाही, कडेनं मारली. बोटांच्या सांध्यांवर.

"साधा आकडा कळत नाही? कुठून धरून आणलंय हे?"

हे मला विचारलं. पोरीला 'हे' म्हणाले.

सुमन रडली नाही. बोटं तोंडात घातली, बाहेर काढली, परकराला पुसली आणि पुन्हा कीबोर्डवर ठेवली. मी गप्प उभी. गप्प उभं राहणं हेच माझं काम होतं.

ते काम काय, ते सांगते. विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाचे कॉमर्सचे पाठ कॉम्प्युटरवर शिकवायचं ठरत होतं. पुण्याचा एक प्रोग्रामर ते पाठ फ्लॉपीवर घेऊन आला होता. पाठ कुणालाही वापरता येतो का, हे बघायला कॉम्प्युटर कधी न पाहिलेली पोरं हवी होती. ती जमवायची, बसवायची आणि मागे उभं राहून बघायचं, एवढं माझ्याकडे. प्रोग्रामरनं पहिल्याच दिवशी नियम सांगितला. मदत करायची नाही, खूण करायची नाही, तोंड उघडायचं नाही. पोरगं अडलं तर अडू द्यायचं. चाचणी संपल्यावर कुठं अडलं ते सांगायचं.

"चूक पोराची नसते मॅडम. पाठाची असते."

मला ते वाक्य फार आवडलं होतं. आमच्या माणसांना असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

आणि विद्यापीठ कोणतं? ज्याच्या नावासाठी आमचं घर जळालं तेच. पालमजवळच्या आमच्या गावात नामांतराच्या पहिल्या दंगलीत वस्ती पेटवली. आईनं मला ज्वारीत ओढत नेलं. बाप माझ्या आजीला काढायला परत घरात शिरला, तेव्हा कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्याचा हात मोडला. हाड मोडल्याचा आवाज ज्वारीपर्यंत आला. तो हात पुढं सरळ झालाच नाही. गाव सुटलं. परभणीच्या बाजारात आई सुकट, बोंबील विकायला बसली. गिऱ्हाईक एका हातानं नाक दाबायचं आणि दुसऱ्या हातानं चाचपून भाव पाडायचं. आई मला सांगायची, "भाव सांगताना खाली बघू नगंस. तू खाली बघितलं की भाव खाली आला म्हणून समज."

तिथं मी सौदा करायला शिकले. मोडीतली टायपिंगची मशिनं घासाघीस करून उचलली, खोलून परत जोडली आणि क्लास उभा केला. विभागप्रमुखांशीही मी सौदाच केला. मी म्हणाले, मला मानधन नको. तुमचा कॉम्प्युटरचा नवा कोर्स निघतोय, चाचणीला बसतील त्या माझ्या पोरांना त्यात जागा द्या. ते हसले. म्हणाले, बाई, तुम्ही अगदी बाजारात बसल्यासारखं बोलता. मी म्हणाले, बाजारातलीच आहे, आता शब्द द्या. त्यांनी प्रोग्रामरसमोर शब्द दिला. म्हणून पट्टी पडली त्या दिवशी मी दात आवळले. त्या जागांवर पोरांचं सगळं पुढचं आयुष्य उभं राहणार होतं.

आता ती चूक. आमच्या जुन्या मशिनांवर एकचा आकडाच नसतो. इंग्रजी छोटा एल दाबायचा. कागदावर तो एकच्या आकड्यासारखाच दिसतो. टायपिंग शिकलेलं कुणीही डोळे मिटून तेच करतं. पडद्यावरही तो तसाच दिसत होता, पण कॉम्प्युटर त्याला आकडा मानत नव्हता. चाचणी संपल्यावर मी हे प्रोग्रामरला सांगितलं. त्यानं विभागप्रमुखांकडे बघितलं आणि म्हणाला, बघू.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांचा भाचा बसला. तोही टायपिंग शिकलेला, दुसऱ्या क्लासात. तेच गणित. त्यानंही एल दाबला. कॉम्प्युटरनं दाखवलं, चूक. त्यानं तीन-चारदा तेच केलं आणि वैतागून कीबोर्डवर मूठ आपटली. मामा हसले.

"अहो, हा तर तुमच्या पाठातला घोळ आहे. टायपिंग येणारा पोरगा असंच करणार. बदला हे."

प्रोग्रामरनं दुपारपर्यंत बदललं. पट्टी टेबलावर पडून होती. कुणी उचलली नाही.

शेवटच्या दिवशी कॉलेज चालवणाऱ्या संस्थेची मंडळी पाठ बघायला आली. खुर्च्या मांडल्या, चहा फिरला. आमची पोरं मागच्या भिंतीला, अनवाणी. विभागप्रमुखांनी भाच्याला बसवून पाठ चालवून दाखवला. एकशे अकरा बरोबर आलं. टाळ्या. मग ते सांगू लागले की पाठ उत्तम आहे, काही वस्त्यांतल्या मुलांना तो झेपला नाही, पण तो त्यांच्या आकलनाचा दोष. अशांना कोर्सला घेऊन उपयोग नाही, हे चाचणीतच सिद्ध झालं.

एकही जागा नाही. जिच्या बोटांवर पट्टी पडून तो दोष सापडला, तिलाही नाही.

मी नियम मोडला. बोलले.

"सुमनची चूक आणि तुमच्या भाच्याची चूक एकच होती. त्याची पाठाची झाली, हिची डोक्याची कशी झाली?"

मी प्रोग्रामरला म्हणाले, तू सांग, तू होतास. तो स्वतःच्या मोज्यांकडे बघत राहिला.

विभागप्रमुख आमच्याजवळ आले. एक हात कॉम्प्युटरच्या टेबलावर टेकला आणि फक्त सुमनला आणि मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले,

"विद्यापीठाचं नाव बदलून मागता. डोकी कुठून बदलून आणणार?"

मी पट्टी उचलली. टेकलेल्या हातावर मारली. कडेनं, त्यांनी मारली होती तशीच. हात कीबोर्डवर आपटला, त्यावर पुन्हा मारली. पडद्यावर आकडे उमटत गेले. त्यांची किंकाळी बाहेरच्या चपलांपर्यंत गेली असेल. कुणीतरी माझे केस धरले तोवर पट्टी मोडली होती.

संध्याकाळी क्लासवर माणसं आली. काठ्या, सायकलच्या चेनी. मशिनं उचलून रस्त्यावर आपटली. रोलर निखळले, अक्षरांच्या कळा चिखलात विखुरल्या. मी दार धरून उभी होते. त्यांनी दार माझ्या हातावर लोटलं. उजव्या हाताची दोन बोटं चौकटीत. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखीचा होता.

पोलिसांनी गुन्हा माझ्यावर लावला. क्लास फोडणारे अनोळखी ठरले.

मग संस्थेकडून एक गोड बोलणारा माणूस आला. माफी मागा, केस मागे घेऊ, आणि तुमच्या त्या मुलीला एक जागा देऊ. मी आयुष्यभर सौदे केलेत, हा सौदा वाईट नव्हता. पण जागा सुमनची होती, म्हणून तिला विचारलं. ती जमिनीवर बसून मोडक्या मशिनांच्या कळा निवडत होती.

"तुमी माफी मागणार?" ती म्हणाली. "येती का तुमाला?"

मी म्हणाले, चेष्टा सोड, जागेचं बोल.

तिनं हातातली कळ चिंधीनं पुसली. "जागा घेतली तर रोज त्येच्याच समोर बसायचंय मला. एक पट्टी मोडली मॅडम. त्येच्याकडं दुसरी असंल."

त्या माणसाला मी चहासुद्धा पाजला नाही. सांगितलं, याला भाव नाही.

कोर्टात तारीख लागली आहे. मी मारलं, हे मी तिथं माझ्या तोंडानं सांगणार आहे. का मारलं, तेही. माझी बोटं वाकडीच राहतील, राहू देत. मी खाली बघणार नाही. पण त्याआधी मला उत्तर पाहिजे, कॉम्प्युटरच्या त्याच खोलीत, सुमनसमोर, तिच्याबरोबर भिंतीला उभ्या केलेल्या प्रत्येक पोरासमोर. प्रोग्रामरनं मान वर करावी आणि काय पाहिलं ते बोलावं. आणि विभागप्रमुख, तुम्ही चपला बाहेर काढून आत या आणि सांगा. चूक एकच होती. निकाल दोन कुणी लावले?