टाके दिसले तरच दुखणं

मैत्रिणींनो, आज दुपारी परभणीच्या दवाखान्यात मी भांडून आले.

माझ्या भाचीची गर्भपिशवी काल दुर्बिणीनं काढली. तिची सासू भेटायला आली, पोट बघितलं आणि म्हणाली, "एवढुशीच भोकं व्हय? मग घरी गेल्यावर भाकरी थापायला काय झालं?"

माझं डोकं सणकलं. नामांतराच्या आंदोलनाच्या काळात जिंतूरच्या शिबिरात माझं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन असंच दुर्बिणीनं झालं होतं. त्याच ऑपरेशनसाठी पोट चिरलेल्या जावेला टाके निघेपर्यंत खाटेवर बसून जेवण मिळालं. मला सासूनं त्याच आठवड्यात कापूस वेचायला धाडलं. म्हणे, "तुला कुठं टाके पडलेत?"

मी भाचीच्या सासूला विचारलं, "तुमची पिशवी काढली असती तर थापल्या असत्या का भाकरी?" तिच्यावर काही परिणाम नाही. मग नर्सला सांगून भाचीचं अख्खं पोट पट्टीनं गुंडाळून घेतलं.

पट्टी बघून सासू म्हणाली, "अगं बाई, लय मोठं केलंय की. पडून ऱ्हा."

डॉक्टरांनी आमची जखम लहान केली, घरच्यांनी आमची विश्रांती.

तुमच्या घरी काय कराल, भांडाल की पट्टी मोठी बांधून घ्याल? भांडून उपयोग झाला असेल तर मला जरूर सांगा.