चौथं चाक

एरंडेलाचा वास आला की मालकांची मोटार आठवते. निजामाच्या राज्यात ब्रेकचं तेल मिळेना, म्हणून मी एरंडेलात स्पिरिट मिसळून भरलं. ब्रेकच्या नळ्यांत हवा राहिली तर ब्रेक लागत नाही, आणि ती काढायला दोघं लागतात; बायकोला पायडल दाबायला बसवलं, तर मालकांनी तिच्याकडूनच गादी गोमूत्रानं धुवून घेतली. मग एकेका चाकाच्या ब्रेकला नळी लावून, टोक तेलाच्या बाटलीत बुडवून, एकट्यानंच हवा काढली. तीन चाकं झाली तोच मालक स्वतः गाडी चालवायला बसले. मागं बाईसाहेब होत्या. शेजारी उभ्या बायकोच्या अंगावरचं लुगडं त्यांनीच दिलेलं. "झालं का रं?" मालकांनी विचारलं. "व्हय मालक," मी म्हणालो. येरमाळ्याच्या घाटात ब्रेक लागलाच नाही. मालक वाचले, बाईसाहेब गेल्या. चौथं चाक राहिलंय हे बायकोलाही ठाऊक होतं. तेव्हा ती बोलली नाही, आजही बोलत नाही.