अण्णा गाडीशी बोलायचे

ऑक्टोबर, दसऱ्यानंतरचा शनिवार. सकाळचं काम एकच: अण्णांना तेरहून धाराशिवला डायलिसिसला पोचवायचं.

अण्णा माझे थोरले दीर. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून ते माझ्याशी एकदाही थेट बोलले नव्हते. धाकट्या भावजयीशी थोरल्या दिरानं समोरासमोर बोलायचं नाही, ही आमच्या घरातली जुनी रीत. मी भाकरी घेऊन पुढ्यात उभी असले तरी ते माझ्या नवऱ्याला म्हणत, ‘तिला सांग, अर्धीच वाढ.’ बाकीच्या घरांनी ही रीत कधीच सोडली. अण्णांनी नाही. गेल्या पौषात ते वारले. माणूस हट्टी होता, हे मी तेव्हाही म्हणत होते, आताही म्हणते.

नवरा परंड्याला शिक्षक, शनिवारी संध्याकाळी घरी येणार. त्यामुळं अण्णांना दवाखान्यात नेणं-आणणं माझ्याकडं. गाडीत आम्ही दोघंच, मधला माणूस कुठून आणायचा? अण्णांनी त्यावर तोड काढली. मागच्या सीटवर बसून ते गाडीशीच बोलायला लागले. ‘गाडे, पुढं गतिरोधक हाय गं.’ मी ब्रेक दाबायचा आणि शाबासकी गाडीला मिळायची.

त्यांची उभी हयात बसच्या स्टिअरिंगवर गेली होती. वाहनाच्या बाबतीत शेवटचा शब्द आपला, हे त्यांनी गृहीतच धरलेलं. खंडेनवमीला आमच्या गाडीची पूजाही तेच करायचे. सगळं गाव बंपरपुढं नारळ फोडतं; अण्णा बॉनेट उघडून आत, थेट इंजिनावर फोडायचे. वर म्हणायचे, ‘बंपरला नारळ म्हंजे माणूस सोडून त्याच्या चपलंला हार.’

त्या शनिवारी मी चावी फिरवली आणि ‘टक’ असा एकच आवाज आला. पुन्हा फिरवली. पुन्हा टक.

एरवी मी चिडले असते. त्या दिवशी आधी घड्याळ बघितलं. डायलिसिसच्या मागच्या पाळीला पुलावरून पाणी वाहत होतं, त्यामुळं ती चुकली होती. अण्णांचे पाय सुजून गुळगुळीत झाले होते, दोन वाक्यांच्या मध्ये त्यांना दम घ्यावा लागत होता. ‘आता एकही पाळी चुकवू नका, पाणी छातीत चढेल,’ असं सिस्टरनं फोनवर बजावलं होतं. उशीर झाला तर मशीन पुढच्या पेशंटला लावणार. दवाखान्यातले तरी किती थांबणार?

‘रात्री दिवं चालू ऱ्हायलं आसतील गाडे तुझं,’ मागून आवाज आला.

‘दिवे बंद होते. बॅटरी काल संध्याकाळी चार्जिंगला लावली होती,’ मी समोरच्या काचेला सांगितलं. माझी पिठाची गिरणी आहे. मोटार अडली की मीटर मीच लावते. तोच मीटर आणून बॅटरीला लावला. बॅटरी भरलेली होती.

शेजारच्यांची जीप बाजाराला गेलेली. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेली होती. गाडी ढकलावी तर दारात घोटाभर चिखल.

‘दिवं लाव,’ अण्णा गाडीला म्हणाले. ‘अन् चावी फिरव. दिवं मंद होत्यात का बघ.’

समोरच्या भिंतीवर उजेड पडला. चावी फिरवली. टक झालं, पण उजेड तसूभरही कमी झाला नाही.

‘मंद न्हाय झालं? मग... स्टार्टरनं करंट वढलाच न्हाय.’ त्यांनी दम घेतला. ‘लाईन तरी तुटली, न्हायतर अर्थिंग.’

मी बॉनेट उघडलं. स्टार्टरला जाणारी लाल वायर घट्ट होती. काळी वायर अर्थिंगची. तिचा एक फाटा गाडीच्या पत्र्याला जात होता, तो स्वच्छ. दिवे, हॉर्न त्याच्यावर चालत होते. दुसरा जाड फाटा, स्टार्टरसाठीचा, खाली इंजिनाला बोल्टनं आवळलेला. त्या बोल्टवर कुंकवाचा थर, त्याखाली पांढरं-हिरवं किटण, आणि वायरीच्या तारा कुजून गेलेल्या. वर्षानुवर्षं नारळाचं पाणी तिथंच ठिबकत होतं.

‘अण्णा, तुमच्या नारळांनी अर्थिंग खाल्लंय!’

‘देवाच्या पाण्यानं कुठं काय...’ वाक्य पुरं झालं नाही. खोकला आला तो थांबेना. मी मागं धावले. ओठ काळसर पडले होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, ‘कमल, खरवडत बसू नगं. जंपर केबल काढ. एक टोक बॅटरीच्या काळ्या बाजूला, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. बिगी बिगी.’

नवल वाटायला वेळ नव्हता. डिकीतून केबल काढली, चिमटे लावले, पंख्यात जाऊ नयेत म्हणून सुतळीनं आवळले. चावी फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली.

वाटेत अण्णा माझ्याशीच बोलत राहिले. ‘कमल, खड्डा.’ ‘कमल, त्या ट्रकमागं नगं ऱ्हाऊ.’ आवाज बारीक होत गेला. आवाज थांबला की मी आरशात बघायची आणि मुद्दाम विचारायची, ‘अण्णा, हॉर्न देऊ का?’ ‘दे की, इचारतीस काय!’ असं आलं की मी पुन्हा रस्त्याकडं बघायची.

आम्ही पोचलो तेव्हा सिस्टर पुढच्या पेशंटचं नाव पुकारत होती. त्या पेशंट बाईंनी अण्णांकडं एकदा पाहिलं आणि आपण होऊन म्हणाल्या, ‘ह्यांला घ्या आधी. मी बसते.’

दुपारी अण्णांचा श्वास सरळ झाला. येताना ते झोपले होते.

संध्याकाळी नवरा आला. ओसरीवर दोघे भाऊ बसले, मी दारात उभी. अण्णा त्याला म्हणाले, ‘तिला सांग, ती वायर मिस्त्रीकडनं बदलून घे.’ मी रात्रीची भाजी चिरायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा अण्णांचा चहा न्यायला स्वयंपाकघरात आला. मी त्याला तिथंच बसवलं. चहा घेऊन स्वतः ओसरीवर गेले, खुर्ची ओढली आणि अण्णांच्या समोर बसले.

‘बोला अण्णा,’ मी म्हणाले, ‘आज तुम्हाला काय वाढू?’