जास्तीची खिडकी

मावशींच्या घराला एक खिडकी जास्तीची आहे. तिच्यातून समोरच्या खोलीतल्या माणसाला थेट स्वयंपाकघर दिसतं. खरं तर ती रस्त्याच्या भिंतीत हवी होती. कामगारांनी आतल्या भिंतीत पाडली. तेव्हा कंत्राटदार म्हणाला होता, "असू द्या वहिनी, हवा खेळती राहील. रस्त्याकडची वेगळी करून देतो." दिलीही. हिशोब मिटला, किल्ल्या मिळाल्या, आणि मावशी समोरच्या खोलीत लोकांचे कपडे शिवू लागल्या.

वर्ष उलटलं, आणि एके दिवशी कंत्राटदाराचा फोन आला, "थोडं येणं राहिलंय तुमच्याकडून, उद्या येतो." रात्रभर काका गरजत होते, "येऊ दे त्याला. सोलूनच काढतो."

दुसऱ्या दिवशी तो आला आणि काका म्हणाले, "चहा घेणार ना?"

"म्हणजे कसं आहे वहिनी," कंत्राटदार खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाला. त्याचं प्रत्येक वाक्य असंच सुरू व्हायचं, आणि कसं आहे ते शेवटपर्यंत कळायचं नाही. "एक खिडकी बिलात धरायची राहिली. मी आपला भोळा माणूस."

"कुठली खिडकी?"

त्यानं स्वयंपाकघराकडे बोट केलं आणि बिल पुढे सरकवलं. मावशींनी आकडा दोनदा वाचला. नव्या शिलाई मशीनसाठी साठवलेले सगळे पैसे त्यात गेले असते. जुनं मशीन चार टाके घालून रुसायचं, दोरा तोडायचं. दोन-तीन गिऱ्हाइकं तर केव्हाच दुसरीकडे वळली होती.

चहाच्या निमित्तानं दोघं आत गेले.

"देऊन टाकू गं," काका कुजबुजले. "कशाला उगाच वाईटपणा घ्यायचा?"

"तेच म्हणतो मी, दादा," बाहेरून आवाज आला.

खिडकी उघडी होती.

मावशींनी एकदा काकांकडे बघितलं, एकदा खिडकीकडे, आणि चहाचं पातेलं खाली ठेवून तिच्यातूनच डोकं बाहेर काढलं.

"भाऊ, तुमची खिडकी तुम्ही घेऊन जा."

"म्हणजे?"

"म्हणजे कसं आहे," मावशी हुबेहूब त्याच्याच सुरात म्हणाल्या, "ही आम्ही मागितलीच नव्हती. चौकट काढा, विटा लावा, गिलावा करा, रंग जुळवा. भिंत ठरली होती तशी करून द्या."

"उद्या गवंडीच घेऊन येतो बघा," तो तडकून म्हणाला. त्याला वाटलं, बाई घाबरेल.

बाई घाबरलीच होती. भिंत फोडून हा पसार झाला, तर मशीनही गेलं आणि भिंतही. पण बोलून बसल्या म्हणजे बसल्या. सकाळी त्यांनी मांडणीवरची भांडी उतरवली, धान्याच्या डब्यांवर जुनी चादर टाकली आणि कंबर कसून उभ्या राहिल्या.

कंत्राटदाराबरोबर गवंडी आला. छिन्नी टेकवण्याआधी त्यानं भिंतीवर टकटक केली, चौकटीभोवती हात फिरवला आणि मान हलवली.

"मालक, चौकट काढली की दोन्हीकडचा गिलावा येणार खाली. आठवडा मोडेल. मजुरी कोण देणार?"

"मी नाही," मावशी म्हणाल्या.

"आम्ही नाही," मावशींच्या पाठीमागून काका म्हणाले.

"आणि ही चौकट दुसरीकडे बसेल का रे?" कंत्राटदारानं विचारलं.

"हिचं माप कुणाच्याच घराचं नाही, मालक. इथंच कशी बसली, त्याचं नवल."

 कंत्राटदार कालच्या बिलाची घडी करू लागला. "राहू द्या वहिनी. घरचंच काम समजा."

"समजते. पण बिल खिशात नको. त्यावरच लिहून द्या, काही येणं नाही म्हणून."

काकांनी इतक्या चपळाईनं पेन पुढे केलं की गवंड्याला हसू आवरेना. सही झाली. मावशींनी कागद ब्लाउजमध्ये खोचला आणि भांडी तशीच जमिनीवर टाकून मशीनच्या दुकानाची वाट धरली. जेवायच्या आत टेम्पो दारात.

शेजारी जमले. काका त्यांना हातवारे करून सांगत होते, "मी त्याला तोंडावर सांगितलं, हात तर लावून बघ भिंतीला..."

मावशींनी मशीनचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "सांगा, सांगा. पण उचलता उचलता सांगा."