कापडाची आतली बाजू पाहणाऱ्या जुबेदाआपा

आदरणीय जुबेदाआपांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला बसायला स्टूल पुढे केले आणि मी बसले नाही. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितले, तरी बसले नाही. या मोठ्या बाईंना मी उद्धट वाटत असेन, या विचाराने मला घाम फुटला होता. खरे कारण एवढेच होते, की मला बसता येत नव्हते.

पनवेलजवळ पळस्प्याच्या पुढे एका गोदामात कारकुनाची नोकरी लागून मला तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली, आणि टेबलखुर्चीची नोकरी मिळालेलीही पहिलीच. वडील खाडीत जाळे टाकतात, आई मच्छी मार्केटात बसते. गोदामापर्यंत थेट वाहन नाही, म्हणून मी चुलतभावाची जुनी सायकल घेतली होती. सायकलवर बसायच्या जागी गादी शिवलेली, पॅडची चड्डी घालतात हे मोबाइलवर वाचून, सगळ्यांत स्वस्त मिळाली ती मागवली होती. तरीही तिसऱ्या आठवड्यात मांड्यांच्या वर कातडी सोलवटली, फोड आले आणि ते पिकले. घरी सांगायची लाज वाटत होती. नोकरी सोडायचे मी मनात जवळजवळ ठरवले होते; कारण काय सांगायचे तेवढे सुचत नव्हते. तोपर्यंत निदान चड्डीची सैल कंबर तरी आवळून घ्यावी, म्हणून बाजारपेठेतल्या गल्लीत ‘लेडीज टेलर’ अशी पाटी दिसली तिथे शिरले.

आपांनी चड्डी घेतली आणि आधी उलटी केली. मग डोळे मिटून तिची आतली शिवण स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवरून हळूहळू फिरवली. आपल्या सायकल मंडळातल्या प्रत्येकाने त्यांना हे करताना पाहिले आहे. मी मात्र पहिल्यांदाच पाहत होते, आणि या बाई काही मंत्र वगैरे म्हणतात की काय असे मला वाटले.

“कोणाची आहे ही?”

“माझी.”

“मग तुझ्या मापाची का नाही?”

“दोन मापं मोठी घेतली. टिकेल म्हणून.”

आपा हसल्या. “बेटा, हा काय शाळेचा फ्रॉक आहे, वाढत्या अंगाचा घ्यायला?”

आमच्याकडे सगळे कपडे वाढत्या अंगाचेच घेतले जातात. मी तेवीस वर्षांची होते, वाढायची कधीच थांबले होते, तरी हात आपोआप मोठ्या मापाकडे गेला होता. आपांनी पॅड दुमडून दाखवले. कापड सैल असले की पॅड जागेवर राहत नाही, त्याची घडी होते, आणि ती घडी प्रत्येक पायडलला कातडी घासते. एवढे सांगून झाल्यावर त्यांनी कपडे घालून पाहायच्या कोपऱ्याचा पडदा ओढला, मला आत घेतले आणि आवाज खाली आणून विचारले, “हिच्याखाली आतली चड्डी घालतेस?”

“हो.” मला वाटले, हा काय प्रश्न झाला!

“ती घालायची नसते बेटा. तिची शिवण नेमकी बसायच्या जागेवर येते. घाम धरून ठेवते. पॅड अंगालाच लागलं पाहिजे.”

मी खाली पाहत राहिले. तेव्हा आपा म्हणाल्या, “शरम कसली? कातडी तुझी, तकलीफ तुझी. मग विचारणार कोण, शेजारीण?”

पिकलेल्या फोडांचे कळल्यावर त्यांनी चड्डी बाजूला ठेवली. “आधी दवाखाना. पू झालेल्या अंगासाठी मी काही शिवत नाही.” डॉक्टरीणबाईंचे नाव त्यांनीच सांगितले. आठवडाभर मी शेअर रिक्षाने आणि पुढे पायी कामावर गेले. फोड बरे झाल्यावर पुन्हा गेले, तेव्हा चड्डी आपांनी त्याच संध्याकाळी मापाची करून दिली. आपांचा वायदा कसा असतो हे त्यांच्या या गौरवग्रंथाच्या वाचकांना मी सांगायला नको. त्यांचे ‘परवा ये’ म्हणजे पुढचा आठवडा, आणि ईदच्या आधीचे ‘परवा ये’ म्हणजे ईदनंतर. त्यामुळे ती संध्याकाळ माझ्या लक्षात राहिली आहे. माझी नोकरीही राहिली.

आईला पुढे हे सगळे कळले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “अगो, मना सांगाचा ना! खाल्ली असती काय तुला?”

आपा सायकल शिकल्या त्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, शाळांचे गणवेश पोचवायला. पॅडचे काम त्यांना कोणी शिकवले नाही. आपल्या मंडळातल्या एका डॉक्टरांनी त्यांच्याकडे आपली महागडी सायकलची चड्डी टाके घालायला दिली होती. आपांनी टाके घातले नाहीत. सगळी चड्डी उसवली. डॉक्टर घ्यायला आले तेव्हा ती टेबलावर तुकड्यातुकड्यांत पसरलेली होती. “डॉक्टरसाहेब, एक दिवस जास्त ठेवते,” आपा म्हणाल्या, “शिकतेय.” डॉक्टर आजही सांगतात, की परत मिळाली ती चड्डी कंपनीच्या शिवणीपेक्षा चांगली होती. आपा सांगतात की नव्हती. वेगळी होती, एवढेच.

त्यानंतर त्यांनी बाजारातला फोम आणून पाहिला, तो दबला. दोन प्रकारचे एकावर एक लावून पाहिले, ते सरकले. प्रत्येक नमुना आधी स्वतः घालून सायकलने नेरे गावापर्यंत जायचे आणि परत आल्यावर कागदावर ‘ठीक’ किंवा ‘नालायक’ असे लिहून तो नमुन्याला टाचायचा, ही त्यांची पद्धत. नालायक नमुन्यांची पिशवी त्यांनी जपून ठेवली आहे. नव्या बाईने “फोम जाड टाका ना आपा” असा आग्रह धरला की त्या वाद घालत नाहीत. ती पिशवी तिच्या हातात देतात. जाड ते मऊ असते, पण सायकलवर बसायला चांगले ते दाट असते, हे तिथे बोटांनीच कळते.

कमी पैशांत सायकलचे कपडे कसे निवडावेत, याविषयी त्यांचा क्रम ठरलेला आहे. पैसे थोडे असतील तर आधी चड्डी, मग हातमोजे, आणि उरलेच तर बाकीचे. वरचा टी-शर्ट घरातलाच चालतो, फक्त सुती नको. तो घाम पितो आणि अंगाला चिकटून बसतो. उन्हासाठी बाह्या जुन्या लेगिंगच्या कापून होतात. जे घरात आहे ते आपा विकत घेऊ देत नाहीत. एकदा एका बाईंना त्यांनी शिवायला आणलेल्या कापडासकट परत पाठवले: “तुझ्या मुलाचा खेळाचा टी-शर्ट आहे ना? तो घालून ये रविवारच्या फेरीला. मग बघू.” गिऱ्हाईक परत पाठवणारा शिंपी मी दुसरा पाहिलेला नाही.

आपल्यातले एक हौशी सदस्य नवी परदेशी जर्सी घालून दुकानात आले होते. तिची किंमत त्यांनी न विचारता सांगितली. आपांनी कॉलर उलटून आत पाहिले. “कपडा सुंदर आहे साहेब. पण हा आतून शिवलाय की ओरबाडलाय?” साहेब हसले, पण थोडे उशिरा. पुढच्या आठवड्यात तीच जर्सी आतून नीट करून घ्यायला आले. आपांनी ती केली, परवा.

पळस्प्याच्या चौकातून माझे रोज जाणे-येणे आहे म्हटल्यावर त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून चमकणारी पट्टी आणली आणि माझ्या सलवारीच्या घोट्यांवर लावून दिली. पाठीवर का नाही, असे मी विचारले. “पाठ हलत नाही. पाय हलतो. ट्रकवाल्याला हलणारी गोष्ट आधी दिसते.” पनवेलच्या रस्त्यांवर आज कित्येक बायकांच्या घोट्यांवर ती पट्टी आहे. तिची सुरुवात कुठून झाली, हे त्यांतल्या पुष्कळजणींना माहीत नसेल.

आता जे लिहायचे आहे ते माझ्या चुकीबद्दल आहे. पण त्याशिवाय आपा कोण आहेत हे मला सांगता येणार नाही.

मागच्या वर्षी आपांनी ठरवले, की नव्याने सायकल चालवणाऱ्या बायकांसाठी कपड्यांची माहिती एका कागदावर छापायची. “तू शिकलेली. मी सांगते, तू लिही.” त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. माप, पॅड, कापड, धुणे, पट्टी, सगळे लिहिले. आतल्या चड्डीचे वाक्य त्यांनी सांगितले तेव्हा मी मान हलवली, आणि घरी जाऊन पक्का कागद करताना ते गाळले. पुष्कळ बायका हा कागद मुलांकडून वाचून घेतील, तो घरात भावासमोर, सासऱ्यांसमोर मोठ्याने वाचला जाईल, असे माझ्या मनात आले. ज्यांना हवे असेल त्यांना आपा तोंडाने सांगतीलच, अशी मी स्वतःची समजूत घातली. आपांना मराठी वाचायला वेळ लागतो. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि कागद छापून आला.

नेऱ्याच्या रस्त्यावरून पनवेलला सायकलने येऊन तीन घरी स्वयंपाक करणाऱ्या सुनंदाताईंना तो कागद मिळाला. त्यांनी पै-पै करून पॅडची चड्डी घेतली, अगदी मापाची. दोन महिन्यांनी आपांना कळले, की त्यांनी सायकल सोडली आहे. माझ्यासारखेच फोड झाले होते, पिकले होते. चालत यायला उशीर होऊ लागला म्हणून एक घर सुटले होते, आणि सायकल रविवारी दिराला द्यायचे ठरले होते. आतली चड्डी काढली नव्हती का, असे आपांनी निरोप पाठवून विचारले, तर उत्तर आले: “कागदात नव्हतं.”

आपांनी मला दुकानात बोलावून कागद वाचायला सांगितला. मी वाचला. त्या थांबून राहिल्या, आणखी काही येईल म्हणून. काही आले नाही. मग त्यांनी मशीन सुरू केले आणि हातातली सबंध बाही शिवून संपवली. मी उभी होते. शेवटी म्हणाल्या, “तू कागदावर लाज राखलीस. ती त्या बाईच्या अंगावर उठली.” आणि मशीनवरून उठल्या. “चल. आज शनिवार आहे.”

सुनंदाताईंच्या दारात आपांनी मला पुढे केले. स्वतः मागे उभ्या राहिल्या. मी म्हटले, “चूक माझी आहे. आपांनी ते सांगितलं होतं. मी लिहिलं नाही.”

“का गो?”

“लाज वाटली.”

सुनंदाताईंनी माझ्याकडे पाहिले, आपांकडे पाहिले. “दोन बालंतपना झाली माजी. माज्यापुढं तुजी लाज काय टिकनार हाय? सांग आता काय ते.”

मी सांगितले. त्यांची शाळेत जाणारी मुलगी शेजारी उभी होती, तिच्यासमोर सांगितले. आपांनी चड्डी उलटी करून शिवण पाहिली, चांगली आहे म्हणाल्या, डॉक्टरीणबाईंचे नाव दिले, आणि दिराला काय सांगायचे तेही सांगितले: “म्हणावं, सायकल दुरुस्तीला गेलीय. बाईची दुरुस्ती चाललीय, म्हणजे तेच झालं.” सुनंदाताई खूप वेळ हसत होत्या. सायकल गेली नाही. महिन्याभराने त्या पुन्हा तिच्यावरून कामाला येऊ लागल्या. सुटलेले घर मात्र परत मिळाले नाही. ते इथे लिहिले नाही, तर मी पुन्हा तेच केल्यासारखे होईल. त्या घराच्या बदल्यात आपांनी आपल्या ओळखीत शब्द टाकून दुसरे घर मिळवून दिले, त्याला चार महिने लागले.

कागद नव्याने छापला. आपांनी तो मला रविवारच्या फेरीआधी मंडळातल्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावला. पुरुष मंडळीही होती. आतल्या चड्डीचे वाक्य मी घाईने, हळू वाचले, तेव्हा मागून सुनंदाताई म्हणाल्या, “परत वाच, नाय ऐकू आला.” मी परत वाचले.

हा लेख दिल्यावर संपादक मंडळातल्या एका ज्येष्ठांनी मला प्रेमाने सुचवले, की गौरवग्रंथात इतके उघड नको. ‘आपांनी अनेक भगिनींना योग्य मार्गदर्शन केले’ एवढे पुरेसे आहे. त्यांचा हेतू चांगला होता, म्हणून मी दोन दिवस विचार केला आणि मग आपांकडे गेले. त्या काज करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “सत्कार माझा आहे ना? मग माझं काम लिहा. मार्गदर्शन अंगात घालून कोणी सायकल चालवत नाही.” त्या ज्येष्ठांना हे सांगितले, आणि त्यांनी मोठ्या मनाने माझा मजकूर जसाच्या तसा राहू दिला. त्यांची मी ऋणी आहे.

आपा साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांची नजर सुईच्या नेढ्याइतकी बारीक राहो, गुडघ्यांनी त्यांना चढावर साथ द्यावी, आणि त्यांचे ‘परवा’ आम्हाला आणखी पुष्कळ वर्षे ऐकायला मिळो. आज कुठल्या तरी गल्लीत एखादी मुलगी दुखणे अंगावर काढत सायकल ढकलत चालली असेल, आणि कोणाला विचारावे हे तिला सुचत नसेल. ती त्या दुकानाच्या दारात येईल तेव्हा पडदा ओढून, आवाज खाली आणून तिला विचारायला आपा तिथे असाव्यात, निरोगी, शंभर वर्षांच्या होईपर्यंत, एवढीच माझी प्रार्थना.