ठिगळाचा मळवट

मी चौथीतून शाळा सोडली, पण टीव्हीचे अँटेना आख्ख्या गल्लीत मीच उभे केलेत. म्हणून नात जळगावच्या कॉलेजातून बिस्किटाएवढी पाटी घेऊन पारोळ्याला आली आणि "आबा, हा माझा अँटेना" म्हणाली, तेव्हा मला हसूच आलं. पाटीवर छापलेलं तांब्याचं चौकोनी ठिगळ. ना दांडा, ना बांबू.

पोर मात्र रडकुंडीला आलेली. तांबं केसभर जास्त कापलं गेलं होतं. ठिगळ जितकं लहान, तितका त्याचा आकडा, म्हणजे तो पकडतो त्या लहरींचा नंबर, वरचा. यंत्रावरची रेघ भलत्याच ठिकाणी वाकायची. परीक्षा तोंडावर. नापास झाली तर वर्ष गेलं.

"कापलेलं तांबं वाढत नही, आबा. बठ्ठं वाया गयं."

"पूजा करी व्हती का?"

आमच्याकडे ट्रॅक्टर असो की मिक्सर, कुंकवाशिवाय चालू होत नाही. ती आंघोळीला गेली तसं मी ठिगळावर ओल्या कुंकवाचं बोट या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढलं.

"आबा! हाई मशीन शे, म्हैस नही!"

पण बस सुटत होती. तशीच घेऊन गेली. दुपारी फोन: "आबा, रेघ जागेवर आली! सर म्हणतात, ओल्या थरानं आकडा खाली ओढला. पण वाळलं की परत वर पळतो. परीक्षेला तुम्हीच या."

गेलो, करंडा घेऊन. प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढल्या, तसे सरांनीही बूट काढले. परीक्षा म्हणून या वेळी रीतसर मधोमध टिळा लावला. रेघ हलेना.

परीक्षक पडद्याकडे बघत म्हणाले, "बाबा, जरा कडेला लावा."

"टिळा कपाळाच्या मधोमध लागतो, साहेब. कडेला लावायला तो काय मलम आहे?"

नातीनं करंडा माझ्यापुढे सरकवला. माझा शब्दही मोडू नये आणि तिचं वर्षही जाऊ नये, असं काय करावं? मग सुचलं. देवीला भरतात तसा कडेपासून कडेपर्यंत मळवट भरला. रेघ वाकली ती नेमक्या आकड्यावर.

"हे टिकणार कसं?" परीक्षकांनी विचारलं.

"कुंकू रोजच लावावं लागतं, साहेब."

पास झाली. पुढे तिनं मापात कापलेलं नवं ठिगळ केलं. कोरंच चालतं म्हणे. मी गुपचूप मळवट भरला, तर आकडा पार खाली गेला. आता ते कपाटात आहे, किल्ली तिच्या गळ्यात. बिनपूजेची वस्तू घरात ठेवलीय, उद्या बिघडली तर मला विचारू नका.