रंग ओला आहे

"हळू बोला भाऊ, रंग ओला आहे."

फोन उचलला की तिचं पहिलं वाक्य हेच. मी नाटक कंपनीचा मॅनेजर, आवाज जन्माचा मोठा. फोनवर तर असा ओरडतो की आमच्या आमगावचं तिच्या सौंदडला फोनशिवाय ऐकू जावं. "रंगाले कान असतात का बाई?" मी विचारायचो. ती आणखी हळू आवाजात म्हणायची, "असतात ना भाऊ."

ती आमचे पडदे रंगवायची. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाटक पाहिलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, नटांच्या मागे पडदा लागतो. जंगल, गावचा चौक, पाटलाची बैठक, कोर्ट. दिवाळीनंतर आमचा हंगाम, म्हणजे पडदे पावसाळ्यातच रंगवून व्हायला हवेत.

पहिल्यांदा आली तेव्हा छातीशी तीन महिन्यांची मुलगी होती. बाई पेंटर म्हटल्यावर मी नाक मुरडलं. ती तिथंच खाली बसली, खडू काढला आणि आमच्या ऑफिसच्या फरशीवर मोहाचं झाड काढलं. ते झाड आठ दिवस कोणी पुसू दिलं नाही.

मी म्हणालो, "काम तुझं पक्कं. पण आधीच सांगतो, कामाच्या जागी लेकरू नको. लेकराच्या नादात पडद्याचं काम रखडतं."

तिनं मुलीचं टोपडं सारखं केलं. "पोट्टीचं मी पाहीन भाऊ. कामबी करीन अन् पोट्टीबी वाढवीन. दोनातलं एकबी सोडनार नाई."

नवरा हैदराबादला मजुरीला. सासू चिचगडला. ती सारखी म्हणायची, नात माझ्यापाशी ठेव अन् तू खुशाल रंगवत बस. हिचं एकच उत्तर, "मंग तिले पाहू कवा?" मला वाटायचं, शेजारीपाजारी कोणी सांभाळत असेल. खोलात जायला वेळ कोणाला होता?

पडदे मात्र काय यायचे, बाप्पा! जंगल असं की आमचा खलनायक म्हणायचा, पडद्याकडे पाठ करून उभं राहायला भीती वाटते. खोड एकच. प्रत्येक पडद्यात तळं. जंगलात तळं, ठीक आहे. चौकात तळं, तेही चालवून घेतलं. पाटलाच्या बैठकीत तळं आलं तेव्हा मी डोक्याला हात लावला. "बैठकीत तळं काऊन?" तर म्हणे, "शोभते ना भाऊ." बरं, शोभतही होतं. निळं, काठाला दोन कमळं.

तिसऱ्या वर्षी कोर्टाचा पडदा आला. न्यायाधीशाची खुर्ची, आरोपीचा पिंजरा आणि मधोमध तळं! दुसरा पडदा करून घ्यायला वेळ नव्हता. ऐन रंगात आलेल्या प्रवेशात वकील त्या तळ्यापुढे उभा राहिला आणि मागून कोणीतरी ओरडलं, "वकीलसाब, तैरना आता है क्या?" सगळा मंडप हसायला लागला. फाशीची शिक्षा ऐकतानाही लोक हसत होते.

माझं डोकं फिरलं. पुढच्या पावसाळ्यात कापड पाठवताना तिला फोन केला. "हळू बोला भाऊ" एवढंही तिला पूर्ण करू दिलं नाही. "एकही तळं नको! तळं दिसलं तर पडदा परत अन् काम बंद!"

ती मग म्हणाली, "बरं भाऊ."

दिवाळीच्या आधी टेम्पो आला. आम्ही पडदे उलगडले. कोर्ट, चौक, बैठक. एकाही पडद्यात तळं नाही. जमीन सलग, कुठं डाग नाही. नटांनी टाळ्या वाजवल्या. मी खूश होऊन मागे वळलो. ती एकटीच उभी होती. दर वर्षी कडेवर असणारी मुलगी नव्हती.

"पोट्टी कुठं आहे?"

"चिचगडले ठेवली. सासूपाशी. चार महिने झाले."

"काऊन?"

"तुमीच त सांगितलं ना, तळं नोको म्हनून."

मला काही समजेना. तिनं पडद्याच्या कडेला बसून सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. बंद पडलेल्या राईस मिलच्या गोदामात ती कापड जमिनीवर पसरून रंगवायची. मुलगी तिच्याबरोबरच. बाजूला निजवली की उठून ओल्या रंगातून आईकडे चालत यायची. म्हणून ती मुलीला कापडाच्या मधोमध निजवायची आणि चारी बाजूंनी रंगवत तिच्यापर्यंत यायची. ती उठेपर्यंत बाकीचा रंग वाळलेला. सरस घालून कालवलेला रंग तो, वाळल्यावर नवा हात मारला की जोड दिसतो. मग त्या कोऱ्या जागेचं तळं करायची. तळ्याला स्वतःचा काठ असतो.

तीन वर्षं मी फोनवर ओरडत होतो आणि पलीकडे एक लेकरू झोपलेलं होतं.

"मले सांगायचं नाही का?" माझा आवाज पहिल्यांदाच हळू निघाला.

"सांगतलं असतं त काम देलं असतं का तुमी?"

नसतं दिलं. तिला ठाऊक होतं, मलाही.

"आत्ताच्या आत्ता जा," मी म्हणालो, "पोट्टीले घेऊन ये. कोर्टात तळं काढ, विहीर काढ, समुद्र काढ. हसतील त हसतील." ती त्याच टेम्पोत बसली.

ती गेल्यावर मी जुने पडदे काढले आणि येड्यासारखा वितीनं तळी मोजत बसलो. पहिल्या वर्षीचं सुपाएवढं. दुसऱ्या वर्षीचं साडेतीन वीत. कोर्टातलं त्याहून लांब, एका बाजूनं आत वळलेलं. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपली असणार. माझ्या दोन मुली आहेत. त्या कशा झोपायच्या ते मला आठवेना, आणि त्याची लाज वाटली.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. "भाऊ, ती आजीलेच माय म्हनून राहिली. मी जवळ घेतली त रडली."

"होईल सवय. घेऊन ये सौंदडले."

"नाई भाऊ. आता मीच इथं राहीन. पयले तिची ओळख होऊ द्या."

"अन् पडदे?"

"आता त ती तळ्यात मावत नाई," ती म्हणाली. हसली की काय झालं, फोनवर कळलं नाही.

ती परत आली नाही. चिचगडला कोणाच्या भिंतीवरही तिनं काही काढल्याचं ऐकलं नाही. दोनातलं एक तिला सोडावं लागलं, आणि ते माझ्या तोंडापायी.

आता आमचे पडदे गोंदियाहून छापून येतात. कोर्टाचा तो जुना मात्र मी अजून लावतो. लोक हसतात, हसू देत. प्रयोग संपला की गडी पडदा जमिनीवर पसरतात, गुंडाळायला त्यावरून धपाधप चालतात, मोठमोठ्यानं बोलतात. मी धावत जातो.

"तळ्यात पाय नोको रे! हळू बोला, रंग ओला आहे."

ते एकमेकांकडे बघतात. पडदा वाळून कितीतरी वर्षं झाली आहेत.